एक पाकीट, एक लिटर

तर झालं असं, की २०२५ सालच्या जुलैमधला शेवटचा शनिवार होता. पुण्यात आठवडाभर पाऊस लागून राहिला होता आणि हिंजवडीच्या रस्त्यावरच्या पाण्यातून ये-जा करून करून माझ्या बुटांनी राम म्हटला होता. डावा बूट पुढून उघडला होता आणि मगरीसारखा दिसत होता. सोमवारी क्लायंट व्हिजिट. त्यामुळे नाइलाजाने मॉल.

एरवी मला मॉलचा भारी कंटाळा. पण बूट घेऊन खाली आलो तर तळमजल्यावर, जिथे नेहमी एक नवीकोरी एसयूव्ही रिबन बांधून उभी असते, तिच्या शेजारी छोटंसं स्टेज टाकलेलं. स्टेजमागे फ्लेक्स, ‘लहान मुलांमधील अतिसार : समज आणि गैरसमज’. खाली एका हॉस्पिटलचा लोगो, त्याखाली मॉलचा लोगो. समोर चाळीसेक खुर्च्या.

माझी पहिली प्रतिक्रिया म्हणजे हसू. वरच्या मजल्यावर फूड कोर्ट, खाली जुलाबावर व्याख्यान! अख्खी सप्लाय चेन एका छताखाली. दुसरी प्रतिक्रिया जरा गंभीर, आणि खरं तर त्या प्रतिक्रियेबद्दलच हा लेख आहे. मनात आलं, हे इथे कशाला? जुलाबाने मुलं दगावतात ती वस्त्यांमध्ये, पाड्यांवर. तिथे जा की. इथे एसीत बसलेल्या, मिनरल वॉटर पिणाऱ्या पब्लिकला याचा काय उपयोग? सीएसआरचं बजेट संपवायचंय, फोटो काढायचेत, दुसरं काय.

तरी बसलो. कारण उदात्त वगैरे काही नाही, बाहेर पाऊस होता आणि नव्या बुटाने टाच चावत होती. माझ्यासकट तेरा माणसं होती (मोजली. सवय.). त्यातले निदान पाच जण केवळ खुर्ची दिसली म्हणून बसलेले. एक आजोबा तर सरळ झोपले होते.

बोलायला आल्या त्या पन्नाशीच्या एक बालरोगतज्ज्ञ बाई. निवेदकाने “गिव्ह हर अ बिग राऊंड ऑफ अप्लॉज” म्हटल्यावर तेरा जणांनी जेवढा वाजतो तेवढा टाळ्यांचा कडकडाट केला. बाईंनी प्रेझेंटेशन लावलंच नाही. पिशवीतून ओआरएसच्या पावडरीचं एक पाकीट काढलं आणि विचारलं, “हे किती पाण्यात कालवायचं?”

शांतता. मग एका गृहस्थांनी आत्मविश्वासाने सांगितलं, “एक ग्लास.” त्यांच्या बायकोने दुरुस्ती केली, “मोठा ग्लास.” मी मनातल्या मनात ‘ग्लास’लाच मत दिलं होतं. एक मुलगी म्हणाली, “डिपेंड्स, चवीप्रमाणे.”

“मावशी, तुम्ही सांगा,” बाई कुणाकडे तरी बघून म्हणाल्या. आम्ही मागे वळून पाहिलं. हाऊसकीपिंगच्या निळ्या गणवेशातल्या एक मावशी मॉप धरून खांबापाशी उभ्या होत्या. त्या आधी लाजल्या, मग म्हणाल्या, “ह्ये मोठं पाकीट हाय. एक लिटर. सगळं पाकीट एकदम टाकायचं, अर्धं न्हाई. आमच्या आशाताईनं दाखवलंय.”

बरोबर उत्तर. तेरा जणांत मिळून डझनभर डिग्र्या असतील, पण उत्तर मॉपवाल्या मावशींकडे. मला ‘गरीब पण शहाणा’ छापाच्या गोष्टी आवडत नाहीत, त्यामुळे हे लिहितानाही संकोच वाटतोय. पण यात चमत्कार काहीच नव्हता. त्यांना कुणीतरी घरी येऊन, पातेलं घेऊन, कालवून दाखवलं होतं. आम्हाला कधीच कुणी दाखवलं नव्हतं. आणि आम्ही पाकिटावरचं वाचत नाही. युजर मॅन्युअल न वाचणारी जमात ना आपली!

बाईंनी मग समजावलं. बाजारात पाकिटं दोन प्रकारची मिळतात. मोठं साधारण २१ ग्रॅमचं, एक लिटरसाठी. छोटं चारेक ग्रॅमचं, २०० मिलीसाठी. मोठं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवलं तर मिठाचं प्रमाण पाचपट होतं, आणि जुलाबाने आधीच सुकलेल्या बाळाच्या अंगात एवढं मीठ गेलं तर जिवावर बेतू शकतं. उलट अर्धं पाकीट लिटरभर पाण्यात टाकलं तर काम होत नाही. थोडक्यात ही रेसिपी नाही, स्पेसिफिकेशन आहे. चवीप्रमाणे वगैरे भानगड नाही.

इथपर्यंत मी ठीक होतो. मग बाईंनी पिशवीतून दुसरी वस्तू काढली. संत्र्याचं चित्र असलेला रंगीत टेट्रापॅक. एका हातात ते कळकट दिसणारं पाकीट, दुसऱ्या हातात टेट्रापॅक. “यातलं ओआरएस कुठलं? पोराला रात्री जुलाब सुरू झाले तर काय आणाल?”

बहुतेक बोटं टेट्रापॅककडे वळली. त्यावर ती तीन अक्षरं मोठ्या टायपात होतीच.

“हे ओआरएस नाही,” बाई म्हणाल्या.

आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

*

आता थोडं मागे जाऊ. मे २०२३. माझा भाचा तेव्हा चौदा महिन्यांचा होता. ताई आणि दाजी वाकडला राहतात, तिथली सोसायटी उन्हाळ्यात टँकरवर चालते. दाजी कंपनीच्या कामाने बंगलोरला गेलेले, म्हणून मी सोबतीला ताईकडे. रात्री भाचेबुवांना जुलाब सुरू झाले. दोन, तीन, पाच.. मग मोजणं सोडलं. उलट्याही होत होत्या. ताईने साताऱ्याला आईला फोन लावला. आई म्हणाली, “मीठ-साखरेचं पाणी करून चमच्या-चमच्याने दे, तांदळाची पेज दे, अंगावरचं पाजणं थांबवू नकोस. आणि सकाळ झाल्या झाल्या डॉक्टर.”

फोन स्पीकरवर होता. मी मागून बोललो (हे वाक्य मला अजून टोचतं), “आई, जमाना बदललाय. मीठ-साखर काय करत बसायचं, मी मेडिकलमधून प्रॉपर ओआरएस आणतो.”

आणि आणलं. दुकानदाराला म्हटलं, ओआरएस द्या. त्याने विचारलं, “पाकीट देऊ का रेडीमेड?” मी म्हटलं, रेडीमेड. रात्री साडेअकराला कोण लिटर मोजत बसणार? शिवाय टेट्रापॅक म्हणजे स्वच्छ, सीलबंद, आधुनिक. चार पॅक घेतले. भाच्याला चव आवडली, गटागट प्यायला. आम्हाला केवढा आनंद! ताई म्हणाली, बरं झालं तू होतास.

सकाळपर्यंत जुलाब कमी व्हायच्या ऐवजी वाढले. आम्ही काय केलं? आणखी पाजलं. दुपारी तो रडायला लागला तर डोळ्यांतून पाणीच येईना. तोंड कोरडं, डायपर सकाळपासून कोरडा. मग तो रडायचाही थांबला, नुसता खांद्यावर मान टाकून पडून राहिला. तेव्हा आम्ही हॉस्पिटलकडे पळालो.

तिथल्या ज्युनिअर डॉक्टरने विचारलं, “घरी काय देत होता?” मी म्हटलं, “ओआरएस.” त्याने लिहून घेतलं. कुठलं ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, कारण कुठलं असा प्रश्न असतो हेच मला माहीत नव्हतं. चौदा महिन्यांच्या हातावर शिर सापडेना. तिसऱ्या प्रयत्नाला सुई लागली तेव्हा ताई बाहेर जाऊन उभी राहिली होती आणि त्याचे पाय मी धरले होते. दीड दिवस सलाईन. पोरगा सुधारला, आता मस्त दंगा करतो, सगळं व्यवस्थित आहे. पण तो दीड दिवस आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही.

जुलाब त्या पेयामुळेच वाढले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जंतूमुळेही वाढले असतील. एका घटनेवरून कारण ठरवू नये एवढं इंजिनिअरिंगने शिकवलंय. पण एवढं नक्की, की ज्या बारा-चौदा तासांत त्याला औषध मिळायला हवं होतं, त्यात मी त्याला सरबत पाजत होतो. तेही औषध समजून.

*

घरी आल्यावर मी आकडे काढून बसलो. (दुःख झालं की काही लोक गाणी ऐकतात, मी स्प्रेडशीट उघडतो.)

जागतिक आरोग्य संघटनेचं २००२ पासूनचं जे सूत्र आहे, त्यात एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. बेरीज करा, २०.५ ग्रॅम. संपलं. ना रंग, ना चव. आणि आम्ही पाजलेल्या प्रकारच्या पेयात साखर होती शंभर मिलीला साधारण १२ ग्रॅम, म्हणजे लिटरला १२०! जवळपास नऊपट. सोडियम मात्र हवं त्यापेक्षा बरंच कमी.

हे का बिघडतं ते कळलं तेव्हा मला सूत्राचं फारच कौतुक वाटलं. आतड्याच्या पेशींवर एक दार असतं. त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात. नुसतं मीठ आलं तर दार नीट उघडत नाही, नुसती साखर आली तरी नाही. आपल्या भाषेत अँड गेट. दोन्ही इनपुट हवेत. जोडी आत गेली की मागोमाग पाणी आत खेचलं जातं. गंमत म्हणजे बहुतेक जुलाबांत, अगदी कॉलरातसुद्धा, हे दार चालू राहतं. म्हणून पाणी एकीकडून वाहून जात असतानाही दुसरीकडून भरता येतं. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडीची कल्पना मांडली. पुढे १९६८ मध्ये ढाक्यात नॅलिन आणि कॅश या तरुण डॉक्टरांनी कॉलराच्या रुग्णांवर तोंडाने द्यायचं द्रावण यशस्वी करून दाखवलं.

पण साखर प्रमाणाबाहेर गेली तर ती सगळी शोषली जात नाही, आतड्यात उरते, आणि उरलेली साखर शरीरातलंच पाणी आतड्यात ओढते. म्हणजे पंप उलटा! नाव तेच, काम बरोब्बर विरुद्ध. आपल्याकडे कोडमध्ये असं होतं ना, व्हेरिएबलचं नाव बघून आत काय असेल ते आपण गृहीत धरतो आणि आत भलतंच निघतं. कंपायलरने अडवलं नाही म्हणून थेट प्रॉडक्शनमध्ये. इथे प्रॉडक्शन म्हणजे चौदा महिन्यांचं बाळ.

या सूत्राची परीक्षा कुठे झाली माहितीये? १९७१. बांगलादेश मुक्तियुद्धातून लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलं, छावणीत ते पाण्यात कालवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. डॉक्टर कमी होते, नर्स कमी होत्या, मग आई, भाऊ, शेजारी हेच नर्स. छावणीत तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण या उपचाराखाली साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने या शोधाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपल्यापैकी किती जणांना त्यांचं नाव माहीत होतं? मला तरी नव्हतं. मला एकूण एक प्रोसेसरची नावं पाठ आहेत.

त्या छावणीतली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तिथल्या अशिक्षित माणसांनी मोजून कालवलेलं पाजलं आणि माणसं वाचवली. पन्नास वर्षांनी वाकडच्या बाराव्या मजल्यावर, स्मार्टफोन हातात असलेल्या इंजिनिअरला ते जमलं नाही. कारण मधल्या काळात त्या तीन अक्षरांना बाजारभाव आला.

*

तो बाजारभाव कसा आला तेही बघण्यासारखं आहे. २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने म्हणजे एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरू द्यायला परवानगी दिली. अट एकच, की हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेलं ओआरएस नाही अशी सूचना छापायची. म्हणजे पुढच्या बाजूला म्हणायचं आहे आणि कुठेतरी बारीक अक्षरात म्हणायचं नाही. टर्म्स अँड कंडिशन्स वाचणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी नाही. रात्री साडेअकराला मेडिकलच्या काउंटरवर तर नाहीच नाही.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या विषयाच्या मागे जवळजवळ आठ वर्षं लागल्या होत्या. पत्रं लिहिली, व्हिडिओ केले, कोर्टात जनहित याचिका घातली. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने ती परवानगी मागे घेतली. ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या कुठल्याही पेयाच्या नावात, मागे-पुढे शब्द जोडूनही, ओआरएस वापरता येणार नाही. कंपन्या कोर्टात गेल्या, थोडी ओढाताण झाली, पण आदेश टिकला.

बातमी वाचून मी लगेच ताईला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे आपली चूक नव्हती ना रे?” काय उत्तर देणार? म्हटलं, थोडी होती. पॅक फिरवून वाचायला हवा होता. पण फक्त आपली नव्हती.

*

आता मूळ मुद्दा. मॉलमध्ये असं व्याख्यान ठेवावं का? मी नाक मुरडलं होतं, आणि मी चुकलो होतो. पण कुठे चुकलो ते नीट सांगायला हवं, कारण माझं नाक मुरडणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं.

जगभरात अजूनही दरवर्षी पाच वर्षांखालची चार लाखांहून जास्त मुलं अतिसाराने मरतात, आणि ती बहुतेक गरीब घरांतली. हे खरंच आहे. आशाताईंनी घरोघरी पाकिटं पोचवणं, स्वच्छ पाणी, संडास, रोटाव्हायरसची लस (सरकारी लसीकरणात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली) ही खरी लढाई आहे. मॉलमधलं अर्ध्या तासाचं भाषण तिची जागा घेऊ शकत नाही. कुणी हॉस्पिटलवाला तसं भासवत असेल तर त्याला विचारायला हवं, की वस्तीत किती कार्यक्रम केलेत?

पण ‘त्यांना गरज आहे, आपल्याला नाही’ हे जे गृहीत आहे ना, ते तीन ठिकाणी फसतं.

एक, जंतूंना पिनकोड कळत नाही. लस आली नव्हती तेव्हा रोटाव्हायरस पाच वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलाला गाठायचा, झोपडीत काय आणि पेंटहाऊसमध्ये काय. पाण्याचं म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव भागात जीबीएसचे रुग्ण निघाले तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखवलं गेलं. त्या भागात आपल्यासारखेच लोक ईएमआय भरत राहतात. टँकरचं पाणी कुठून येतं हे तुमच्या सोसायटीत कुणाला माहीत आहे का? आमच्याकडे नाही.

दोन, अज्ञान गरिबाचं असतं आणि आपल्याकडे असते ती ‘माहिती’, हा गैरसमज. आपलं अज्ञान जास्त घातक, कारण त्याला आत्मविश्वास चिकटलेला असतो आणि ते विकतही मिळतं. गरीब आईला तो टेट्रापॅक महाग पडतो. तो आपल्यासाठीच बनवलेला होता. तेव्हा त्याबद्दल बोलायची योग्य जागा म्हणजे तो जिथे रचून ठेवतात ती. त्या दिवशी स्टेजपासून पन्नास पावलांवर मॉलच्या सुपरमार्केटमध्ये त्याच पॅकचा मनोरा होता. मी जाऊन बघितला.

तीन, आणि हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक अभ्यास आला होता. कर्नाटक आणि बिहारमधल्या गावा-शहरांत दोन हजारांहून जास्त खासगी डॉक्टर-औषधवाल्यांकडे संशोधकांनी माणसं पालक बनवून पाठवली. दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होताहेत, काय द्यायचं? ओआरएस हेच योग्य हे बहुतेक डॉक्टरांना माहीत असतं, तरी ते देत नाहीत. का? विक्रीतला फायदा आणि स्टॉक नसणं ही कारणं त्यामानाने छोटी निघाली. मोठं कारण हे, की डॉक्टरांना वाटतं, पेशंटला ओआरएस नको असतं, त्याला ‘खरं औषध’ हवं असतं. आणि जेव्हा ‘पालकाने’ स्वतःहून ओआरएस हवं असं सुचवलं, तेव्हा ते मिळण्याचं प्रमाण २७ टक्के पॉइंट्सनी वाढलं. एका वाक्याने!

म्हणजे गंमत बघा. डॉक्टर आपल्याकडे बघून ठरवतायत आणि आपण डॉक्टरांकडे. आपण आठशे रुपये फी देऊन बाहेर पडताना हातात निदान तीन औषधं आणि एक अँटिबायोटिक नसेल तर म्हणतो, ‘काहीच दिलं नाही हो, नुसतं मीठ-साखरेचं पाणी प्या म्हणाले.’ मग पुढच्या वेळी डॉक्टर बदलतो. ही मागणी आपण तयार केली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत जुलाब झालेल्या मुलांपैकी ६१ टक्क्यांच्या आसपास मुलांनाच ओआरएस मिळालं होतं आणि झिंक ३० टक्क्यांच्या आसपास. ज्या वस्तूचं पाकीट सरकारी केंद्रात फुकट आणि दुकानात काही रुपयांना मिळतं, तिची ही गत! मग जिथे मागणी तयार होते, जिथे ‘काय चांगलं, काय डाऊनमार्केट’ हे ठरतं, तिथे जाऊन सांगायलाच हवं, की बाबांनो, ते कळकट पाकीट हेच औषध आहे. ती जागा म्हणजे मॉल.

तेव्हा व्याख्यान मॉलमध्ये व्हावं. फक्त जरा डोकं लावून. शनिवारी संध्याकाळी सातला एसयूव्हीच्या शेजारी, डीजेच्या ब्रेकमध्ये नको. माझी सूचना अशी, की सकाळी दहाला, मॉल उघडायच्या आधी, तिथल्या स्टाफसाठी एक. कारण त्या दिवशी मावशींनी उत्तर दिल्यावर एक शंका विचारायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात सुपरवायझरने लांबून खूण केली आणि त्या मॉप घेऊन गेल्या. आमच्यापैकी तेरा जणांना (झोपलेले आजोबा धरून) पूर्ण वेळ बसायची मुभा होती. ज्यांना ऐकायचं होतं त्यांना नव्हती. या गोष्टीची मला त्या वेळी लाज वाटली, आणि मी उठून काही बोललो नाही याची नंतर. आणि दुसरं, संध्याकाळच्या पब्लिकसाठी भाषण नकोच. एक टेबल, एक पातेलं, एक लिटरची बाटली. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात पाकीट द्यायचं, ‘कालवून दाखवा’ म्हणायचं. दोन मिनिटांचं काम. मावशींना आशाताईंनी तसंच शिकवलं, आणि त्यांच्या ते लक्षात राहिलं.

*

जाता जाता, बाईंनी सांगितलेलं जसं वहीत उतरवलं तसं देतो. तुमच्या घरी लहान मूल असेल किंवा यायचं असेल तर फ्रिजवर चिकटवा. मी डॉक्टर नाही, डॉक्टरांकडे जाणं याने टळत नाही.

पाकीट घेताना पुढचं नाव नाही, मागचं सूत्र बघायचं. मोठं पाकीट म्हणजे एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सगळं पाकीट एकदम. कालवलेलं २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर साधारण ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली, घाईने नाही, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही. झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी, आणि डोस वयाप्रमाणे डॉक्टरांना विचारून. अँटिबायोटिक मनाने नाही. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. डोळे खोल गेले, अश्रू येत नाहीत, लघवी थांबली, मूल मलूल झालं, शौचात रक्त दिसलं, पोटात काहीच टिकत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघायची नाही, हॉस्पिटल.

शेवटून दुसरी ओळ पुन्हा वाचा. मीठ आणि साखर. साताऱ्याहून आईने फोनवर जे सांगितलं होतं, तेच. त्या शनिवारी मॉलमधून बाहेर पडल्यावर पाऊस थांबला होता. मी पार्किंगमध्ये उभा राहून तिला फोन केला आणि म्हटलं, आई, त्या रात्री तू बरोबर होतीस.

ती म्हणाली, “कुठल्या रात्री? आणि आधी सांग, बूट घेतलेस का?”